कुशीवर वळलं की घर फिरतं

डॉक्टर,
माझी आई ६१ वर्षांची आहे, गावी भावाकडे असते. दिवाळीनंतर एके दिवशी पहाटे अंथरुणातून उठताना तिला एकदम चक्कर आली. पंखा बंद होता, तरी तो फिरतोय असं दिसलं म्हणाली. उलटीही झाली. तेव्हापासून कुशीवर वळलं, फडताळातला वरचा डबा काढला, कपडे वाळत घालायला मान वर केली की घर फिरतं. अर्ध्या मिनिटात थांबतं, पण मळमळ तासभर राहते. गावातल्या डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या, दोन सलाईन लावली. तालुक्याला मानेचा एक्स-रे काढला, 'मणक्यात गॅप आहे' म्हणून पट्टा दिला. हिमोग्लोबिन ११.२ आलं म्हणून लोहाच्या गोळ्या. शेवटी मेंदूचा एमआरआय केला, तो नॉर्मल. चकरेची गोळी दोन महिने दिवसातून तीनदा चालू आहे. बीपीच्या दोन आणि शुगरची एक गोळी आधीपासूनच आहे. मार्गशीर्षातले गुरुवार तिने सोडले नाहीत. अलीकडे जेवून पाटावरून उठली की डोळ्यांपुढे अंधारी येते, ते मात्र वेगळंच आहे म्हणते. वहिनी म्हणते, सगळे रिपोर्ट चांगले आहेत, मग मनाचंच असेल. माझ्या मामांना अर्धांगवायू झाला, त्याची सुरुवात चकरेनंच झाली होती. आईला तसं काही होणार नाही ना?
– एक मुलगी, कराड तालुका

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण मला वाटतं पत्र तुम्ही त्याच्याचसाठी लिहिलंय. पडल्यापडल्या कुस बदलली की घर फिरायचं, अर्ध्या मिनिटात थांबायचं, आणि पुन्हा कुस बदलेपर्यंत काही नाही, असं दोन महिने चाललेलं दुखणं अर्धांगवायूचं नसतं. मामांचं काय झालं असेल, ते पुढे सांगते. पत्रावरून तपासणी होत नाही हे खरंच आहे, पण चकरेचं निदान निम्म्याहून जास्त ऐकण्यातून होतं. आणि तुमच्या आईनं ते इतकं नेमकं सांगितलंय की मला तिचं कौतुक वाटलं. 'ते मात्र वेगळंच आहे' हे तिचं वाक्य तर मी दोनदा वाचलं. बरोबर बोलतेय ती. तिला एक नाही, दोन वेगवेगळ्या चकरा आहेत, आणि दोन महिने सगळे एकाच चकरेवर इलाज करत बसलेत.

आपल्या भाषेत या त्रासाला किती शब्द आहेत बघा. घेरी, भोवळ, झीट, अंधारी, गरगर, तोल जाणं, डोकं हलकं होणं. घरात बोलताना बायका हे शब्द अगदी अचूक वापरतात. दवाखान्याच्या दारात मात्र हे सगळे शब्द चपलांबरोबर बाहेर राहतात आणि आत येतो एकच, 'चक्कर'. त्या एका शब्दावर कुणी पित्ताची गोळी लिहितं, कुणी मानेचा फोटो काढायला सांगतं. म्हणून मी पेशंटला 'चक्कर कशी येते' हे विचारतेच, पण त्यावर फार विसंबत नाही. एकच बाई सकाळी गरगरतं म्हणते आणि संध्याकाळी डोकं हलकं होतं म्हणते. दोन प्रश्नांची उत्तरं मात्र सहसा बदलत नाहीत. किती वेळ टिकते? आणि काय करताना येते?

तुमच्या आईची पहिली चक्कर अर्धा मिनिट टिकते आणि डोक्याची दिशा बदलली की येते. या दोन गोष्टी जुळल्या की माझ्या डोक्यात पहिलं नाव कानाचं येतं.

कानाच्या अगदी आत, हाडात कोरलेल्या तीन अर्धगोल नळ्या असतात. त्यांत पाणी असतं. गवंड्याच्या पाणसळीत बुडबुडा सरकला की भिंत कुठं कलली ते कळतं, तसं या पाण्याच्या हालचालीवरून डोकं कुठं वळलं ते मेंदूला कळतं. शेजारीच एक छोटी पिशवी असते आणि तिच्यात अतिशय बारीक खडे एका चिकट थरात बसवलेले असतात. ज्या कॅल्शियम कार्बोनेटचे शिंपले बनतात, त्याचेच हे खडे. वय वाढलं, डोक्याला मार लागला, कधी नुसतंच कारण नसताना, यातले थोडे खडे सुटतात आणि घरंगळत एखाद्या नळीत जातात. बहुतेक वेळा मागच्या नळीत, कारण झोपल्यावर तीच खाली येते.

आता आई कुशीवर वळली. डोकं थांबलं, पण नळीतले खडे अजून खाली घसरतायत आणि बरोबर पाणीही ओढून नेतायत. एक कान मेंदूला सांगतो, डोकं फिरतंय. दुसरा कान सांगतो, कुठे फिरतंय, शांत आहे. या भांडणात डोळे पहिल्या कानाचं ऐकून सटासट फिरायला लागतात, म्हणून बंद पंखा फिरताना दिसतो. खडे तळाशी जाऊन बसले की सगळं थांबतं. याला लागतात वीस-तीस सेकंद, फार तर मिनिट. आईच्या अर्ध्या मिनिटाचा हिशोब हा असा आहे. पोट ढवळतं ते मेंदूच्या याच गोंधळामुळे, म्हणून उलटी पाहून सगळे 'पित्त' म्हणतात. पित्तानं चक्कर आली असं नाही, चकरेनं उलटी आली.

डॉक्टर याला थोडक्यात बीपीपीव्ही म्हणतात. भीती वाटावी असा हा आजार नाही, यानं जिवाला धोका नसतो. गरगरणाऱ्या चकरेचं एवढं सर्रास आढळणारं दुसरं कारण नाही, आणि पन्नाशीनंतरच्या बायकांमध्ये हा जास्त दिसतो.

मानेबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण महाराष्ट्रात चकरेच्या नावाखाली जेवढे मानेचे पट्टे गळ्यात पडतात तेवढ्यांची गरज असती तर बरं झालं असतं. साठीच्या कुठल्याही माणसाच्या मानेचा एक्स-रे काढा, झीज दिसणारच. केस पांढरे व्हावेत तशी ती झीज असते. 'मणक्यात गॅप' दिसली म्हणून चक्कर तिच्यामुळे आली असं ठरत नाही. तुम्ही घरी स्वतः एक पडताळा करू शकता. आई पलंगावर कुशीवर वळते तेव्हा तिची मान वळते का? नाही. खांदे, पाठ, डोकं सगळं एकदम, लाकडाचा ओंडका वळावा तसं वळतं. मान सरळच असते. तरीही चक्कर येते. मग ती मानेची कशी? बदलते ती डोक्याची जमिनीशी असलेली दिशा, आणि ती मोजायचं काम कानाचं. महिनोन्महिने पट्टा घातला तर मानेचे स्नायू मात्र ढिले पडतात. मानेत दुखत नसेल, हाताला मुंग्या नसतील, तर तो पट्टा कशासाठी घालायचा हे डॉक्टरांना विचारून काढून ठेवायला हरकत नाही.

हिमोग्लोबिन ११.२ म्हणजे बाईसाठी १२ च्या थोडं खाली. ते वाढवायलाच हवं, लोहाच्या गोळ्या चालू द्या. पण एवढ्या कमतरतेनं थकवा येईल, धाप लागेल. ठरावीक कुशीवर वळल्यावर अर्धा मिनिट घर फिरणार नाही. आणि एमआरआय नॉर्मल आला याचं आश्चर्य नाही. ते खडे इतके सूक्ष्म असतात की एमआरआयमध्ये दिसतच नाहीत. चित्रात दिसत नाही म्हणून वहिनींना ते मनाचं वाटलं. त्यांना रागावू नका, हे पत्रच वाचायला द्या.

मग दिसतं कुठे? डोळ्यांत. १९५२ साली लंडनमध्ये मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी एक तपासणी लिहून ठेवली, ती आजही तशीच करतात. यंत्र लागत नाही, एक टेबल आणि दोन हात पुरतात. आईला टेबलावर पाय लांब करून बसवतील, डोकं ४५ अंशात एका बाजूला वळवतील आणि झटकन मागे झोपवतील, डोकं टेबलाच्या कडेखाली थोडं लोंबतं ठेवून. डोळे उघडे ठेवायला सांगतील. दोन-चार सेकंद काहीच होत नाही. मग डोळे फिरू लागतात, बुबुळ गोल वळतं आणि वरच्या दिशेला झटके देतं.

माझ्याकडे मागच्या पावसाळ्यात एक आजी आल्या होत्या. दीड वर्ष चक्कर, पिशवीभर रिपोर्ट. मी त्यांना उजवीकडे वळवून झोपवलं. त्या 'काही नाही हो, बरी आहे मी' म्हणेपर्यंत डोळे फिरायला लागले आणि त्यांनी माझं मनगट असं धरलं की बांगडीचा वळ उठला. त्यांचा मुलगा दारात उभा होता. त्याला मी जवळ बोलावलं, म्हटलं, डोळ्यांकडे बघ. तो बघत राहिला. अठरा सेकंदांनी डोळे थांबले, पकड सैल झाली. मुलगा म्हणाला, 'म्हणजे खरंच फिरतं हिला?' आजी झोपल्या जागी रडायला लागल्या. चक्कर थांबली होती, रडू त्याचं नव्हतं.

त्याच टेबलावर उपचारही होतो. अमेरिकेतले जॉन एपली यांनी डोकं क्रमानं वळवून खडे नळीतून पुन्हा पिशवीत उतरवायची पद्धत शोधली. कित्येक वर्षं त्यांच्याच सहकाऱ्यांचा तिच्यावर विश्वास बसत नव्हता, इतकी ती साधी होती. १९९२ साली त्यांनी ती सविस्तर छापली आणि आता जगभर तीच वापरतात. उजव्या कानात खडे असतील तर आधी वरच्यासारखंच उजवीकडे वळवून झोपवतात, चक्कर थांबेपर्यंत थांबतात, मग डोकं डावीकडे वळवतात, पुन्हा थांबतात, मग अख्खं अंग डाव्या कुशीवर घेऊन नाक जमिनीकडे करतात, थांबतात, आणि हळूच उठवून बसवतात. सगळं मिळून पाच मिनिटं. प्रत्येक पायरीवर चक्कर येऊ शकते, आईला तेवढं आधी सांगून ठेवा. बहुतेकांना एक-दोन वेळात आराम पडतो. पूर्वी यानंतर दोन रात्री बसून झोपायला सांगायचे, त्याची गरज नाही हे आता कळलंय.

मोबाइलवर बघून घरी करून टाकू का, असं तुमच्या मनात येईल. पहिल्या खेपेला नको. कान उजवा की डावा हे आधी ठरायला हवं, खडे मागच्या नळीत नसून आडव्या नळीत असतील तर पद्धत वेगळी आहे, आणि आईची मान किती मागे न्यायची हे तिला हात लावून पाहणाऱ्यानंच ठरवावं. एकदा शिकवलं की पुढे घरी करता येतं. हा त्रास पुन्हा होऊ शकतो, तेव्हा ते उपयोगी पडेल. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि फोन करतानाच विचारा की चकरेसाठी झोपवून तपासणी करता का. ड जीवनसत्त्व तपासून घ्या, ते फार कमी असेल तर हा त्रास उलटण्याची शक्यता वाढते.

चकरेच्या गोळीबद्दल. ती कुठली ते तुम्ही लिहिलं नाही, पण कुठलीही असली तरी गोळीनं खडे जागेवर जात नाहीत. सिनॅरिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन यांपैकी असेल तर मला जास्त काळजी आहे. पहिल्या एक-दोन दिवसांच्या उलट्यांपुरत्या त्या ठीक, पण उतारवयात महिनोन्महिने घेतल्या तर हात थरथरतात, चाल मंदावते, अंग ताठ होतं, आणि मग घरचे कंपवात झाला म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे नेतात. गोळीचं पाकीट बरोबर न्या आणि ती बंद करण्याबद्दल स्पष्ट विचारा.

आता दुसरी चक्कर, आई 'वेगळी' म्हणते ती. पाटावरून उठलं की अंधारी. इथे काही फिरत नाही, डोळ्यांपुढे काळं होतं. हा रक्तदाबाचा मामला आहे. उभं राहिलं की रक्त पायांकडे ओढलं जातं, तरुणपणी शिरा लगेच आवळून ते वर ढकलतात, वय झालं की त्यांना वेळ लागतो. त्यात बीपीच्या दोन गोळ्या. त्यात जेवल्यावर रक्त पोटाकडे वळलेलं. त्यात उपास, दिवसभर पाणी कमी. बरीच वर्षं शुगर असेल तर शिरांना हुकूम देणाऱ्या नसाही मंदावतात.

याची तपासणी घरच्या बीपी मशीनवर होते, आणि दवाखान्यांत ती होत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. आईला पाच मिनिटं आडवं पडू द्या, मग बीपी घ्या. उभं करा, एका मिनिटानं घ्या, तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. कुणीतरी शेजारी धरायला असू द्या. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर कारण सापडलं. आकडे कागदावर लिहून बीपीच्या डॉक्टरांना दाखवा, ते गोळी कमी करतील, बदलतील किंवा वेळ बदलतील. तुम्ही मनानं बंद करू नका. तोवर आईनं उठण्याआधी पाय ताणावेत, पोटऱ्या चार-सहा वेळा आवळाव्यात, पलंगावर असेल तर पाय खाली सोडून मिनिटभर बसावं. पाटाऐवजी खुर्चीवर जेवली तर उत्तम.

आणि मार्गशीर्षाचे गुरुवार. मी तिला सोडायला सांगणार नाही, इतक्या वर्षांचं व्रत आहे. पण शुगरची गोळी घ्यायची आणि संध्याकाळपर्यंत पोटात काही नाही, हे चालणार नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात कापतात, भूक लागते, डोकं गरगरतं. असं झालं तर तिथल्या तिथं तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, संध्याकाळच्या पूजेची वाट बघायची नाही. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

तुमच्या पत्राच्या निमित्तानं इतर वाचकांसाठी दोन ओळी. हीच गरगर तासन् तास टिकत असेल आणि बरोबर एका कानात दडा, गुंजारव, कमी ऐकू येणं असेल, तर तो मेनिएरचा आजार असू शकतो. सर्दी-तापानंतर एकदम सुरू होऊन दोन-तीन दिवस न थांबता गरगरलं आणि ऐकू नीट येतंय, तर तोलाच्या नसेला सूज. अर्धशिशीवाल्या मुलींना डोकं न दुखताही चक्कर येते, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. आणि उभ्या उभ्या किंवा बसल्या जागी काही न करता झीट येऊन माणूस कोसळलं, छातीत धडधड झाली, तर कानाकडे नाही, हृदयाकडे बघायचं.

आता मामा. मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा तुटला तर अर्धांगवायूची सुरुवात चकरेनं होते, हे खरं आहे. ती चक्कर कशी असते ते घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. ती एकदम सुरू होते आणि कुशीवर वळा, शांत पडा, थांबत नाही. बरोबर एकाचे दोन दिसतात, जीभ जड होते, गिळता येत नाही, तोंड वाकडं होतं, एक हात-पाय किंवा एक गाल बधिर होतो, पूर्वी कधी नव्हतं तसं डोकं दुखतं. आणि एक खूण लक्षात ठेवाच: आधाराशिवाय माणूस उभंच राहू शकत नाही, कधी नीट बसूही शकत नाही. यातलं काही दिसलं तर लिंबू सरबत, सलाईन, गावातला दवाखाना, काही नाही. १०८ ला फोन करायचा आणि जिथे सीटी स्कॅन आणि मेंदूचे डॉक्टर आहेत तिथे जायचं, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्रास कितीला सुरू झाला ती वेळ घड्याळात बघून लिहून ठेवा. या जागचा झटका सुरुवातीच्या सीटीत अनेकदा दिसत नाही. म्हणून सीटी नॉर्मल आला आणि माणूस तरी उभं राहत नसेल, तर घरी जायला तयार होऊ नका, डोळ्यांची हालचाल नीट तपासणाऱ्या डॉक्टरांना बोलवायला सांगा. जाणत्या डॉक्टरची ती तपासणी पहिल्या दिवशीच्या एमआरआयपेक्षाही जास्त सांगून जाते, हे २००९ सालच्या एका संशोधनात दिसलंय.

डॉक्टरांकडे जाईपर्यंत आठवडा जाईल. तेवढ्यात दोन गोष्टी करा. एक वही घ्या. 'मंगळवार, पहाटे ५, उजव्या कुशीवर वळली, २५ अंक मोजेपर्यंत गरगर, उलटी नाही', एवढं पुरे. आणि चक्कर सुरू झाली की भावाला मोबाइलवर आईच्या डोळ्यांचा व्हिडिओ काढायला सांगा, डोळे उघडे, उजेड नीट, जवळून. ती वीस सेकंदं मला दहा रिपोर्टांपेक्षा जास्त सांगतात. स्टुलावर चढून काही काढायचं नाही, रोजचे डबे फडताळाच्या खालच्या कप्प्यात आणा, कपड्यांची दोरी खांद्याच्या उंचीवर बांधा, रात्री मोरीपर्यंत दिवा लावून ठेवा. या वयात चकरेपेक्षा मला तिच्या खुब्याची धास्ती जास्त वाटते.

फिरायचं मात्र बंद करू नका. झोपवून ठेवलं की मेंदूला तोल सावरायची सवय लागत नाही आणि भीती वाढते.

तपासणी झाली की कान उजवा निघाला की डावा, आणि उभं राहिल्यावर बीपी कितीनं उतरलं, एवढे दोन आकडे-अक्षरं मला पुढच्या पत्रात लिहून पाठवा.